खिडकीवर खरं कारण सांगा

वणीकर मंडळींनो, पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एक उत्तर हमखास ऐकू येतं, "काही नाही जी, चक्कर आली." खिडकीतली ताई 'चक्कर' लिहिते. मागचा 'उलटी' सांगतो, त्याच्या मागचा 'अंधारी आली'. तिघांनी एकाच वावरात एकच औषध फवारलेलं असतं. रजिस्टरमध्ये मात्र ते तीन वेगळे आजार होतात. विषबाधा दारात उभी असते, पण आकड्यात दिसत नाही.

२०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यानं हे भोगलंय. फवारणीच्या त्या हंगामात शेतकरी-शेतमजूर एकामागून एक यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होत होते. राज्यभर गवगवा झाला तोवर ऑक्टोबर उजाडला. शेकडो जणांना बाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले. लपवलं की काय होतं, तेही इथंच दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये, लॉकडाउनमध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण आपल्या वणीतच दगावले. काहींचे अंत्यसंस्कार पोलिसांना न कळवताच उरकले गेले, असं तेव्हा छापून आलं होतं. लाजेपोटी एक मृत्यू झाकला, की तेच पिऊन घरी पडलेल्या दुसऱ्याला कोणी शोधत नाही.

आकडा कशाला हवा? आकड्यामागं औषध येतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली, तर अ‍ॅट्रोपीन द्यावं लागतं. रुग्ण गंभीर असेल तर एकाच रात्रीत डझनावारी इंजेक्शनं लागू शकतात. कागदावर दोन रुग्ण आणि खाटांवर आठ, असं झालं तर मध्यरात्री कपाट रिकामं होतं.

म्हणून एवढं करा. फवारणी केली असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. पोलिसांत नोंद होईल म्हणून लपवू नका. विषबाधेची तशी नोंद करण्याची पद्धतच आहे. फवारलेल्या औषधाचा डबा झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून सोबत आणा. गावं दोन सांगा, राहतं एक आणि फवारलं ते एक. मजूर मारेगावचा आणि वावर वणीचं असेल, तर चौकशीला जाणारा माणूस नुसत्या घरच्या पत्त्यावर भलतीकडेच पोचतो. नाव आधार कार्डावरचं द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'राजू' आणि इथं 'राजेंद्र' लिहिलं, की एकाचे दोन रुग्ण झालेच.

पुढं चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूरला पाठवलं, तर रेफरची चिठ्ठी जपून न्या आणि पोचताच दाखवा. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न सांगता रुग्णाला घरी नेऊ नका. तो यादीत राहतो, खाट अडते, आणि विषाचा जोर पुन्हा वाढला तर जवळ कोणी नसतं. सोबत फवारणाऱ्या कुणाला त्रास होत असेल तर आशाताईला कळवा, १०८ ला फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकीव आकडे फिरवू नका.

खिडकीवर अर्धं मिनिट जास्त लागेल, लागू द्या. "काल दुपारी फवारलं, तेव्हापासून चक्कर आहे," एवढं सांगा. ताई तेच लिहील. ते वाचून डॉक्टर रांगेतल्या पुढच्यालाही विचारतील, "तुम्ही कुठं फवारलं, दादा?"