झाकलेले यंत्र उघडताना

अनेक घरांच्या कोपऱ्यात एक शिवणयंत्र असते. त्यावर जुन्या साडीचे झाकण असते आणि झाकणावर वर्तमानपत्रे, औषधांचा डबा, कधी फुलदाणी. एके काळी त्या यंत्रावर घरातली झबली, परकर, शाळेचे गणवेश शिवले गेलेले असतात. मग मुले मोठी होतात, घरात तयार कपडे येऊ लागतात, डोळ्यांना सुईचे नेढे दिसेनासे होते आणि यंत्राचे टेबल होऊन जाते. वाचकहो, आपल्या घरी असे यंत्र असेल, तर आजचे हे पान आपल्यासाठी आहे.

आमच्या घरातली गोष्ट आधी सांगते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. नवा चष्मा आला आणि एका सकाळी, सुमारे बारा वर्षांनी, त्यांनी आपणहून यंत्रावरचे झाकण काढले. हाती घेतले ते थेट पोलके. पूर्वी एका दुपारी दोन पोलकी बेतून शिवणारा तो हात. दुसरे काही त्यांना सुचलेही नसावे. बाही उलटी जोडली गेली. ती उसवून पुन्हा जोडली, तर गळा ओढला गेला. चौथ्या दिवशी त्यांनी कापडाची घडी घातली आणि म्हणाल्या, "आता हे माझ्याच्याने व्हायचे नाही ग. कुणाला तरी देऊन टाक मशीन." मीही मान हलवली. त्यांना त्रास नको, एवढेच माझ्या मनात होते. पुढे दोन महिने त्या यंत्राकडे पाहतही नव्हत्या आणि "आता माझा काय उपयोग" हे वाक्य त्यांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागले, तेव्हा माझी चूक मला कळली. त्यांचे हात शिवण विसरले नव्हते. पहिले काम चुकीचे निवडले गेले होते.

पोलक्यात बाहीची गोलाई असते, गळ्याचे वळण असते, अंगाच्या मापाचा हिशेब असतो. अनेक वर्षांनी यंत्राकडे परतणाऱ्याने आधी सरळ टीप मारायची कामे घ्यावीत आणि ती एका बैठकीत, फार तर दोन बैठकींत पुरी होणारी असावीत.

प्रथम यंत्राची तयारी करावी. मोटर असेल तर तिचा प्लग काढून ठेवावा. बॉबिनच्या जागी साचलेला दोऱ्यांचा भुगा मऊ ब्रशने काढावा. तेलाच्या छिद्रांत यंत्राचेच तेल एकेक थेंब सोडावे, खाण्याचे तेल घालू नये. मग दोरा न घालता यंत्र थोडे फिरवून तेल पुसून घ्यावे. सुई नवी घालावी: साध्या सुती कापडाला 14 नंबरची, जाड कापडाला 16 नंबरची. सुईची चपटी बाजू पूर्वीच्या सुईप्रमाणेच यावी. पट्टा सैल झाला असेल किंवा चाक अडत असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला एकदा घरी बोलवावे.

पहिल्या दिवशी शिवू नये. जुनी सुई लावून, दोरा न घालता, वहीच्या रेघी कागदावर रेषेवरून यंत्र चालवावे. पायाची आणि हाताची जुनी सांगड पुन्हा बसते ती या सरावाने. नंतर दोरा ओवावा. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत. कापडाखाली दोऱ्याचे गुंतवळ होत असेल, तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. टाके सुटत असतील, तर सुई बोथट, वाकडी किंवा उलटी बसलेली असते. दोष दर वेळी आपल्या हातातच असतो, असे नाही.

शरीराचीही तयारी हवी. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर बारीक काम कधी सुरू करावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. दिव्याचा प्रकाश थेट सुईजवळ पडावा. काळ्या कापडावर काळा दोरा सध्या नको. अर्धा तास झाला की उठून चार पावले चालावे. गुडघे दुखत असतील, तर पायडलच्या यंत्राला मोटर बसवता येते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर शिवताना पायांत मऊ चपला असाव्यात आणि उठण्यापूर्वी जमिनीवरच्या टाचण्या चुंबकाने गोळा कराव्यात. ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी ते चुंबक छातीपासून किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवावे.

आता कामे. पहिले काम रुमालाचे. जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग घेऊन 14 इंची चौकोन कापावा. चारी कडा अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून इस्त्री करावी आणि टीप मारावी. चार सरळ टिपा, चार कोपरे. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून कापड वळवावे. हा रुमाल ताटावर झाकायला चालतो.

दुसरे काम उशीच्या अभ्र्याचे. त्याला गुंडी नको, काज नको. उशी 17 बाय 27 इंचांची असेल, तर 18 इंच रुंद व 62 इंच लांब पट्टी कापावी. पट्टीची दोन्ही आखूड टोके अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून शिवावीत. मग पट्टी सुलट बाजू वर करून पसरावी. एक टोक उचलून दुसऱ्या टोकाच्या 6 इंच अलीकडे आणून ठेवावे. उरलेला 6 इंचांचा भाग त्यावर उलटवावा. दोन्ही लांब बाजूंना कडेपासून अर्धा इंच आत टीप मारून अभ्रा सुलटा करावा. उलटवलेला भाग आत जातो आणि उशी बाहेर येत नाही.

तिसरे काम वॉकरच्या पिशवीचे. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे मजबूत कापड, उदाहरणार्थ खादी, 12 बाय 20 इंच घ्यावे. चारी कडा वरीलप्रमाणे शिवून घ्याव्यात. खालची आखूड बाजू 7 इंच वर दुमडून दोन्ही कडांना टीप मारावी आणि मधोमध एक उभी टीप घालावी. दोन कप्पे तयार होतात. वरचा 4 इंचांचा भाग वॉकरच्या आडव्या दांड्यावरून मागे घेऊन व्हेल्क्रोने पक्का करावा. अनेक थर एकत्र येतात तेथे चाक हाताने फिरवावे. पिशवीत चष्मा, फोन, रुमाल एवढेच ठेवावे. पुढे वजन वाढले की वॉकर कलू शकतो.

जवळच्यांना दोन शब्द. सकाळी बॉबिन भरून, सुईत दोरा ओवून ठेवावा आणि बाजूला व्हावे. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीजवळ मात्र कुणीतरी बसावे आणि काम संपताच प्लग काढावा. मी एकदा सासूबाईंची वाकडी टीप त्या झोपल्या असताना उसवून सरळ केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रुमाल हातात घेतला, शिवणीवरून बोट फिरवले आणि काही न बोलता बाजूला ठेवला. तशी मदत मी पुन्हा केली नाही.

वॉकरची पहिली पिशवी त्यांनी शेजारच्या आजींसाठी शिवली. त्यांचा फोन सारखा खाली पडत असे आणि तो उचलायला वाकताना त्यांचा तोल जाई. आठवडाभरात इमारतीतून आणखी दोन पिशव्यांची मागणी आली. सासूबाईंनी मला यादी करायला सांगितली: खादी दोन मीटर, व्हेल्क्रो, 16 नंबरच्या सुया.

अर्धवट पोलके अजून शिवून झालेले नाही. त्याची घडी कपाटात नीट ठेवलेली आहे आणि मशीन कुणाला द्यायचे, हा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. आपणही या पंधरवड्यात झाकणावरची औषधे दुसरीकडे हलवावीत आणि एक रुमाल शिवून पाहावा.