पिकअपमध्ये एक ब्रास वाळू बसते? हौद्याचं उत्तर वेगळं, आरसी बुकाचं वेगळं

राज्यातलं पहिलं सरकारी वाळू विक्री केंद्र १ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झालं. दर होता ६०० रुपये ब्रास, वाहतूक खर्च ग्राहकाचा. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरलं. वाळू फुकट मिळाली तरी ती घरापर्यंत आणायला गाडी लागतेच. आणि भाडं खेपेवर ठरतं, म्हणून एकाच खेपेत जास्तीत जास्त भरायचा मोह होतो.

मग किती भरता येतं?

आरसी बुकात दोन वजनं असतात. लेडन म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं. समजा, एका पिकअपचं लेडन वजन ३,००० किलो आणि अनलेडन १,३५० किलो आहे. फरक १,६५० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि हमालाचे दीडशे किलो वजा करा, हे बहुतेक जण विसरतात. माल उरला १,५०० किलो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू घनफुटाला साधारण ४५ किलो, म्हणजे ब्रासला साडेचार टन. आपल्या पिकअपची मर्यादा ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्यावरच संपते. हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असेल तर वाळूचा थर फक्त ८ इंच! हौदा रिकामाच दिसतो, आणि सगळी फसगत इथेच होते. पावसात चिंब भिजलेली वाळू तर आणखी जड.

सिमेंटचा हिशेब सोपा आहे. ५० किलोच्या ३० गोण्या. तीन किलोची वीट असेल तर ५०० विटा. छोटा हत्ती असेल तर मॉडेलनुसार याच्या निम्म्याच्या आसपास. आणि मोफतची ५ ब्रास वाळू? या पिकअपच्या १५ खेपा. त्यापेक्षा मोठी गाडी ठरवणं बहुधा स्वस्त पडेल.

‘पाट्याला अजून एक पान टाकलंय’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. पाटे मजबूत झाले म्हणून ब्रेक, टायर आणि एक्सल मजबूत होत नाहीत. पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट उतरताना दुप्पट वजनाच्या गाडीला थांबवायला ब्रेकना दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. ते तापतात आणि पकड सुटते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनाला २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. गाडी थांबवून वजन करू दिलं नाही तर दंड ४० हजार. जबाबदारी चालवणाऱ्यापुरती नाही, तशी गाडी चालवायला लावणाराही कचाट्यात येतो.

शंका असेल तर वजनकाट्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा भरून तोला. उसाच्या या जिल्ह्यात काटा शोधायला फार लांब जावं लागत नाही.