सायकल ठेवायची कुठे?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी किती जण सायकलीवरून शाळेत येतात? ज्यांचे घर दूर आहे, त्यांना बसची वाट पाहणे जमत नाही आणि रिक्षाचे भाडे रोज परवडत नाही. मग अब्बांची जुनी सायकल कामी येते. शाळेच्या फाटकापर्यंत सारे ठीक असते. पुढे मात्र प्रश्न पडतो : सायकल ठेवायची कुठे?

काही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर एका पाटीवर लिहिलेले असते : 'सायकली स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात.' ही पाटी मला मुळीच पटत नाही. ज्या मुलाला शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर पडण्याची परवानगी नाही, तो बाहेरच्या सायकलीची जबाबदारी कशी घेणार? त्याने फळ्यावरचे गणित पाहायचे, की खिडकीतून सायकल पाहायची? मुलांनी वर्गात बसावे हा शाळेचा नियम आहे. मग तेवढा वेळ सायकल सांभाळणे हे शाळेचेच काम आहे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा सायकलीचे इतके काय घेऊन बसलात? त्यांना बिहारची गोष्ट सांगावी. तेथील सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या बरीच वाढलेली त्यांना आढळली. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरपेक्षा दूर होती, तेथे हा फरक विशेष दिसला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत.

आता याची दुसरी बाजू पाहा. अशा एखाद्या मुलीची सायकल शाळेबाहेरून चोरीला गेली तर? घरात लगेच दुसरी सायकल येत नाही. भाऊ असेल तर त्याला 'चालत जा' म्हणतील. मुलीला मात्र 'आता राहू दे' असे म्हणणारी घरे अजून आहेत. चोराने सायकल नेली, पण तिची शाळाही सुटली. सायकलीची किंमत बाजारात जी असेल ती असो, या मुलीच्या बाबतीत तिचे मोल फार मोठे आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. पहिली ते आठवीच्या शाळेत काय काय असावे, याची यादी त्या कायद्याला जोडलेली आहे. पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, खेळाचे मैदान, भिंत किंवा कुंपण, हे सारे त्यात आहे. सायकलींच्या जागेचा उल्लेख मात्र त्यात नाही. तो असायला हवा होता. मूल शाळेत कसे पोहोचते, हाही शिक्षणाचाच प्रश्न नाही का?

'जागा नाही, पैसे नाहीत' असे उत्तर मिळते. या कामाला खरोखर किती पैसे लागतात? इंग्रजी यू अक्षर उलटे ठेवल्यासारखा वाकवलेला लोखंडी नळ जमिनीत घट्ट बसवायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सायकल उभी राहते. साखळी नळाला, फ्रेमला आणि चाकाला मिळून लावता येते. नुसते पुढचे चाक अडकवायचे स्टँड स्वस्त पडते, पण सायकल आडवी झाली की चाक वाकते, आणि चाक खोलून उरलेली सायकल नेणे चोराला सोपे जाते. आपल्या सायकलींच्या मागच्या चाकाला जे कुलूप असते, तेही पुरेसे नाही. ते लावले म्हणजे सायकल चालवता येत नाही एवढेच; उचलून नेता येते!

नळांवर पत्र्याचे छप्पर हवे. नाहीतर पावसाळ्यात साखळी गंजते आणि उन्हात टायर खराब होतात. जागा इमारतीच्या मागे, कोपऱ्यात नसावी. कार्यालयाच्या खिडकीतून सहज दिसेल अशी असावी. शाळा भरल्यावर तेथील फाटक बंद करावे. जागेबद्दल बोलायचे तर, कित्येक शाळांत झाडाखालची सावली शिक्षकांच्या मोटारसायकलींनी व्यापलेली असते. गुरुजनांचा आदर राखून मला असे वाटते, की त्यातील अर्धी सावली मुलांच्या वाट्याला यावी.

नेदरलँड्स देशात उट्रेक्ट शहराच्या रेल्वे स्थानकाजवळ १२,५०० सायकली ठेवण्याची सोय २०१९ साली पूर्ण झाली. एवढे मोठे आपल्याला नकोच आहे. आपल्याला शंभर-दीडशे सायकलींपुरती जागा हवी आहे.

मित्रांनो, सगळा दोष चोरांचा आणि शाळेचाच असतो असेही नाही. दुसऱ्याच्या चाकातील हवा सोडणे, वॉल्व्ह काढून घेणे, घंटी पळवणे, हे उद्योग कोण करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. करणाऱ्याची दोन मिनिटांची गंमत होते. ज्याची सायकल असते, तो भर उन्हात ती ढकलत पंक्चरवाल्याकडे जातो. फाटक कितीही भक्कम असले, तरी आत बसलेल्यांपासून ते सायकल कसे वाचवणार?

आणखी एक काम आजच करा. बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर एक क्रमांक कोरलेला असतो. बसायच्या सीटखालच्या नळीवर किंवा पायडलांच्या मधल्या भागाखाली तो शोधा आणि वहीत उतरवून ठेवा. सायकल हरवल्यास पोलिसांकडे तक्रार देताना 'काळी सायकल, लाल सीट' एवढे सांगून भागत नाही. अशा सायकली गावात शेकडो असतात.

मराठीच्या तासाला तुम्ही अर्ज लिहायला शिकता. पुढचा अर्ज खराखुरा लिहा, मुख्याध्यापकांच्या नावे. शाळेत रोज किती सायकली येतात ते आधी चार दिवस मोजा. त्यांतील मुलींच्या किती, लांबून येणाऱ्यांच्या किती, हेही मोजा. अर्जात हे आकडे लिहा, जागेचा एक साधा नकाशा जोडा आणि खाली सर्वांच्या सह्या घ्या. शाळेत पायी येणाऱ्यांच्याही.