गाडी पाहिजे? मग कर्जही आमचंच घ्या!

टाय-इन म्हटलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विंडोज आणि मीडिया प्लेयर आठवतो. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला जो दंड ठोकला, त्यातलं एक कारण हेच होतं. पण तोच प्रकार गाडीच्या शोरूममध्ये घडला की आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. "आमचं फायनान्स घ्या, गाडी लगेच मिळेल. बाहेरचं लोन असेल तर... बघावं लागेल." झालं, आपण सही करून मोकळे!

आता यात बिघडलं काय? आमच्या वसई-विरारचंच घ्या. पापडीची बॅसिन कॅथलिक बँक इथे १९१८ पासून आहे. समजा, अशा एखाद्या गावातल्या बँकेने तुम्हाला ९ टक्क्यांनी कर्ज मंजूर केलं आणि शोरूमचा दर आहे १० टक्के. आठ लाखांच्या कर्जावर पाच वर्षांत साधारण २३ हजारांचा फरक पडतो. तुमचा खिसा कापला गेला, आणि स्वस्तात कर्ज देऊनही बँकेचं गिऱ्हाईक गेलं.

सवलत आणि सक्ती यांत मात्र गल्लत नको. "आमचं कर्ज घेतलंत तर दहा हजार सूट" असं शोरूमने खुशाल म्हणावं. आपण हिशेब करू आणि ठरवू. "नाहीतर गाडीच नाही" म्हटलं की ती सक्ती झाली.

हे दुखणं जुनंच आहे. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतःची फायनान्स कंपनी काढली. डीलरांनी तिचंच कर्ज विकावं म्हणून दबाव आणल्याबद्दल अमेरिकन सरकारने १९३८ मध्ये खटला भरला. ज्यूरीने कंपनीला दोषी ठरवलं आणि १९४१ मध्ये अपिलातही ते कायम राहिलं.

आपल्याकडे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये टाय-इनचा उल्लेख आहे. पण २०२३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की कंपनी आणि शेवटचा ग्राहक यांच्यातल्या कराराला हे पोटकलम लागू नाही. म्हणजे कंपनीने डीलरला बांधलं तर लागू, डीलरने तुम्हाला बांधलं तर नाही! उरतं कलम ४, पण त्यासाठी समोरच्याचं बाजारात वर्चस्व लागतं. एका शोरूमचं कसलं आलंय वर्चस्व?

माझ्या मते ही पळवाट आहे. निदान ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तरी हाताशी आहे. एक वस्तू हवी तर दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायलाच लावणं ही त्यात 'निर्बंधित व्यापारी प्रथा' आहे. तक्रार तुम्ही राहता त्या किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा.

तक्रारीने काय होतं? वाहनकर्जदारांना जीपीएस यंत्रं विकल्याच्या प्रकरणात, एका आतल्या माहितगाराच्या तक्रारीवरून रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये एचडीएफसी बँकेला १० कोटींचा दंड केला. नंतर बँकेने ग्राहकांना त्या यंत्रांवरचं कमिशन परत करण्याचं जाहीर केलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी शोरूममध्ये एवढंच म्हणा: "बाहेरचं लोन चालणार नाही, हे जरा ई-मेलवर लिहून द्या." बघा काय उत्तर येतं ते!