चित्रातला उजेड घरात येईल का?

नव्या घराची जाहिरात पाहिली, की मन हरखून जातं. छताच्या कडेने झिरपणारा सोनेरी प्रकाश, सोफ्याशेजारी मंद दिवा, खिडकीबाहेर निळसर संध्याकाळ! पण पाया भरण्याआधीच हे घर दिसतं कसं? कारण तो फोटो नसतो, संगणकावर रचलेलं चित्र असतं.

चित्र करणारा आधी नकाशावरून भिंती उभ्या करतो, मग सूर्याचा आणि आकाशाचा उजेड देतो. तरीही खोली उदास वाटली, की कृत्रिम दिव्यांची पाळी येते. दिव्याचा रंग केल्विनमध्ये ठरतो. २७०० केल्विनचा प्रकाश पिवळसर, तर ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर. आपल्या दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेला किती पडतो, याची 'आयईएस' नावाची फाइल अनेक दिवे-कंपन्या देतात. ती वापरली, तर चित्रातल्या भिंतीवर खऱ्या दिव्यासारखाच उजेड पडतो.

पण संगणकात न दिसणारा दिवाही लावता येतो. ना वायर, ना बल्ब, ना विजेचं बिल. अंधारा कोपरा मात्र उजळून निघतो. म्हणूनच आयुष्याची पुंजी गुंतवण्यापूर्वी थोडी चौकशी कराच.

दिवे बंद ठेवून केलेलं दुपारचं चित्र मागा. खिडकी कोणत्या दिशेला आहे, समोरची इमारत किती अंतरावर येणार, हे मंजूर नकाशात पाहा. फॉल्स सीलिंग आणि दिवे किमतीत धरले आहेत का, प्रत्येक खोलीत विजेचे पॉइंट किती, हे करारात लिहून घ्या. इंटिरिअर डेकोरेटरकडून चित्र करून घेत असाल, तर अंदाजपत्रकात असलेलेच दिवे लावून रात्रीचं चित्र दाखवायला सांगा.

माहितीपत्रक जपून ठेवा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचं, म्हणजेच 'रेरा'चं कलम १२ याच बाबतीत आहे. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची असते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर रक्कम व्याजासह परत मागता येते.

दिवे काय, नंतरही बदलता येतात. खिडकीची दिशा मात्र बदलता येत नाही!