अत्याचाराची जखम मेडिकल रिपोर्टमध्ये मावत नाही

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुले मारली गेली. त्यानंतर दहा वर्षे ते न्यायासाठी झगडले. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. एखाद्याच्या मृत्यूचे कारण असे दुरून ठरवता येत नाही. पण ज्या घरावर असा हल्ला होतो तिथे उरलेल्यांच्या शरीराचे पुढे काय होते, हे आपली चळवळही क्वचितच विचारते.

धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. धोका टळल्यावर हे ओसरायला हवे. पण हल्ला करणारे, त्यांना साथ देणारे त्याच गावात रोज समोर येत असतील, तर शरीराच्या लेखी धोका टळलेलाच नसतो. झोप उडते, डोके-पाठ दुखत राहते, पोट बिघडते, काहींची पाळी अनियमित होते. वर्षानुवर्षे असेच चालले की हृदयरोगाचा धोका वाढतो. मग बाई पीएचसीत जाते, पित्ताची आणि बीपीची गोळी घेऊन परत येते. घरात काय घडले होते, हे केसपेपरवर कुठेच नसते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनंतर अर्थसाहाय्य ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. अपंगत्व आले तर रक्कम टक्क्यांवर ठरते: १०० टक्के, ५० हून जास्त, ५० हून कमी. तीन वर्षे झोप न लागणे हे किती टक्के? कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाची तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्कही दिला. आपल्या निवेदनांत मात्र पोलीस संरक्षण, जलदगती न्यायालय, नोकरी एवढेच येते. त्या मागण्या रास्तच आहेत, पण डॉक्टर त्यात नसतो.

सल्लसुत्तातील दोन बाणांचा दृष्टान्त आपल्याकडे कधी कधी पीडितालाच ऐकवला जातो: दुसरा बाण तू स्वतःच मारून घेतोस. पहिलाच बाण रोज नव्याने लागत असेल, तर त्याला हे ऐकवणे मला क्रूर वाटते. ‘विपश्यनेला जा’ हा सल्लाही तितकाच घाईचा. डोळे मिटून बसल्यावर तोच प्रसंग अंगावर धावून येऊ शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्याने शिबिर.

कोर्टाच्या तारखेला साक्षीदाराबरबर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: रात्री झोप लागली का, जेवण जाते का, छातीत धडधडते का, हे विचारावे. उत्तर वाईट असेल तर तारीख संपल्यावर थेट जिल्हा रुग्णालय गाठावे आणि घडलेला प्रसंग केसपेपरवर लिहून घ्यायला लावावा.