अंड्यावर तारीख लिहा

खानापूर तालुक्यातील आपल्या वाड्यांतून ज्याच्या परड्यात कोंबड्या नाहीत असे घर क्वचितच आढळते. कोठे चार-पाच गावठी, तर कोठे त्यांच्या जोडीला गिरिराज किंवा वनराजा. भाताचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येतो तसा जातो. अंड्यांचा पैसा मात्र आठवड्याला घरच्या बाईच्या हाती पडतो. त्यातून वह्या येतात, मीठ-मिरची येते. म्हणून अंड्यांचा विषय आम्ही लहान मानत नाही.

या बाबतीत दोन रीती आपल्याकडे पडून गेल्या आहेत. एक, बाजाराला नेण्याआधी अंडी धुऊन चकचकीत करणे. दुसरी, ताजी अंडी बाजाराला आणि मागे राहिलेली, केव्हाची कोण जाणे, ती घरच्या मुलांना. या दोन्ही रीती मोडाव्यात असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम धुण्याविषयी. अंड्याचे कवच दिसते तसे सलग नसते. त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. अंडे बाहेर पडताना त्यावर एक पातळ लेप येतो आणि तो वाळून ही छिद्रे झाकली जातात. आपण धुतो तेव्हा हा लेपच जातो. त्यातून पाणी गार असेल तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण पाण्याबरोबर आत ओढली जाते. म्हणजे बाहेरून स्वच्छ दिसणारे अंडे लवकर नासते.

कोणी विचारील, अमेरिकेत तर अंडी धुऊनच विकतात ना? होय, पण तेथे ती कोमट पाण्याने यंत्रावर धुतात आणि तेथून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत थंडच ठेवतात. युरोपात बहुतेक देशांत उत्तम प्रतीचे अंडे न धुताच विकावे असा नियम आहे. आपल्या टोपलीला थंडावा नाही, तेव्हा आपण न धुणेच बरे. अंडी घालायच्या जागी पेंढा कोरडा ठेवा, आठवड्याला बदला, अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करा; मग ती मळतच नाहीत. थोडी घाण लागलीच तर कोरड्या फडक्याने पुसा. फार मळलेले अंडे साठवू नका आणि विकूही नका. ते त्याच दिवशी धुऊन पुरते शिजवावे. अंडी गोळा करणाऱ्या मुलांना साबणाने हात धुण्याची सवय लावा.

आता ताजेपणाची पारख. अंडे ठेवले की त्यातील पाणी छिद्रांवाटे हळूहळू उडून जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. पाण्याची परीक्षा याच गोष्टीवर चालते. खोलगट भांड्यात अंडे सोडा. ताजे असेल तर तळाशी आडवे पडते. थोडे जुने झाले की बोथट टोक वर उचलते. आणखी जुने निमुळत्या टोकावर उभे राहते आणि फार जुने तरंगते. तरंगणारे अंडे आम्ही घरात वापरणार नाही आणि दुसऱ्याला विकणारही नाही. पाण्यात घातलेले अंडे पुन्हा साठवू नये, लगेच वापरावे. साठवायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत विजेरीसमोर धरून पोकळी किती वाढली ते पाहावे. कानाशी हलवून पाहण्याची पद्धत फारशी भरवशाची नाही. आत खळखळू लागते तोवर उशीर झालेला असतो.

फोडल्यावर ताज्या अंड्याचा पिवळा बलक उंच उभा राहतो आणि पांढरा भाग त्याला दाटपणे धरून असतो. जुन्याचा बलक सपाट होतो, पांढरे पाण्यासारखे पसरते. पांढरा भाग किंचित दुधाळ दिसला किंवा रक्ताचा बारीक ठिपका आढळला, तर अंडे नासले असे समजू नका. उकडल्यावर कवच सहज सुटत नसेल तर तेही बहुधा ताजेपणाचेच लक्षण. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. वास आला की शंका उरत नाही, आणि एका नासक्या अंड्यापायी बाकीची वाया जात नाहीत.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या सगळ्या परीक्षा अंड्याचे वय सांगतात, रोग सांगत नाहीत. जुलाब, ताप आणणारे साल्मोनेला नावाचे जंतू तळाशी आडव्या पडणाऱ्या ताज्या अंड्यातही असू शकतात. त्यावर उपाय एकच, बलक घट्ट होईपर्यंत शिजवणे. तालमीतल्या पोरांना आणि आजाऱ्यांना दुधात कच्चे अंडे देण्याची चाल आपल्या बेळगावकडे आहे. ती सोडावी. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने शरीराला कच्च्यापेक्षा जास्तच लागू पडतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्या बाबतीत तर हयगय नकोच.

साठवणीचा खरा शत्रू उष्णता. आपल्या कळपात कोंबडा असतो, म्हणून बहुतेक अंडी फळलेली असतात. सुमारे 21 अंशांच्या वर अशा अंड्यात जीव धरू लागतो. खाण्याच्या किंवा विकण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नाही. खुडूक बसवण्याचे दिवस सरले की शक्य असेल त्याने कोंबडा वेगळा ठेवावा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे फळलेली अंडी येतात, एवढे लक्षात असू द्यावे. उबवायला ठेवायची अंडी आठ दिवसांहून जुनी नसावीत.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी ओल्या वाळूत अर्धे रुतवलेले मातीचे मडके वापरावे. तळाशी पेंढा घालावा, निमुळते टोक खाली करून अंडी ठेवावीत आणि तोंडावर ओले फडके बांधावे. घातल्या दिवशीच अंड्याला खाण्याच्या तेलाचा पुसट हात फिरवला तर छिद्रे बंद होऊन ते जास्त टिकते. फ्रीज असेल तर अंडी दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावीत. एकदा थंड केलेली अंडी बाहेर काढून ठेवू नयेत. त्यांना घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात.

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. जुन्या काळी युरोपात उपासकाळात अंडीही वर्ज्य असत, त्यामुळे सणाला घरोघरी साठा होई. तिकडे तेव्हा हवा गार, आपल्याकडे कौले तापलेली. केकसाठी महिनाभर अंडी जमवत बसण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात शेजारणींनी एकमेकींना पुरवावीत हे उत्तम.

आणि आता पेन्सिल. खुराड्याजवळ एक बांधून ठेवा आणि अंडे उचलताच त्यावर तारीख घाला. म्हणजे पाण्यात घालून अंदाज करण्याची वेळच येणार नाही. आधीचे आधी वापरता येईल. उन्हाळ्यात फ्रीजबाहेर आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये, असा आमचा हिशेब. बाजारातही तारीख तशीच राहू द्या. गिऱ्हाईक आधी हसेल, पण पुढच्या आठवड्याला तुमचीच टोपली शोधत येईल. आणि चार अंडी बाजाराला गेली तर त्याच दिवसाची दोन घरच्या लेकरांच्या ताटात पडू द्या. ज्यांच्यासाठी कोंबड्या पाळल्या, त्यांच्या वाट्याला उरलेसुरले येऊ नये.